घरची पदवी

पानावरचा पहिला डाग आबाला दिसला तो सकाळी पाणी बदलताना. वाकून त्यानं पान उलटं केलं. खाली पांढरट बुरशी, पीठ सांडल्यासारखी, आणि कडेनं ओला काळा पट्टा. पान चुरगळून त्यानं वास घेतला. मग पुढच्या सरीत गेला, तिथंही तेच. त्याच्या पुढच्या सरीत जायची त्याला गरज वाटली नाही. तो बांधावर येऊन बसला आणि पायाला लागलेला चिखल काडीनं काढत राहिला, जणू आज दुसरं कामच नव्हतं.

"आला का?" बायकोनं विचारलं. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन ती बांधावरून येत होती, आणि नवऱ्याची बसण्याची तऱ्हा बघूनच तिला कळलं होतं.

"आला."

"मेल्याला दुसऱ्या कुणाचं शेत दिसलं नाही!"

करप्याशी भांडण एवढंच. बटाट्याला करपा आला की रडायलाही सवड नसते. पाला कापून बांधाबाहेर नेऊन जाळायचा, आणि पाऊस पडून रोग खाली उतरायच्या आत बटाटा वर काढायचा. पश्चिमेला आभाळ जमून आलं होतं. पडणार की हुलकावणी देणार, काही सांगता येत नव्हतं. आबाची कंबर तर मागच्या मोठ्या करप्यापासूनच दगा देत होती. वाकला की उठताना मांडीवर हात टेकून टप्प्याटप्प्यानं उठावं लागायचं, आणि उठताना कुणी बघितलं की तो उगाच आभाळाकडे बघायचा, पावसाचा अंदाज घेतल्यासारखा.

त्या भागात काढणी कुणी एकट्यानं करत नसे. सावड चालायची. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या तू सगळ्यांच्या. आणि सावड नुसती माणसांची नव्हे हो. ट्रॅक्टर एकाचा, नांगर दुसऱ्याचा, ट्रॉली तिसऱ्याची. शिडी एकच होती, ती कुणाची हे आता कुणालाच आठवत नव्हतं. एक चांगला कोट होता, तो अख्ख्या वस्तीची लग्नं आणि कोर्टाच्या तारखा करून आला होता. वस्तू कुणाची असं तिथं कुणी विचारत नसे. विचारायचं ते एकच, "मोकळी आहे का?" मोकळी असली की न्यायची, काम झालं की पुसून परत द्यायची.

संध्याकाळी जेवताना आबा म्हणाला, "बोलून आलो सगळ्यांशी. उद्या पाला कापू. परवा सावड आपल्याकडे."

ठमीचा घास हातातच राहिला. "परवा?"

"परवा."

परवाच ठमीला शहरातल्या मोठ्या प्रवासी विमान कंपनीत वैमानिकांच्या निवडीला बोलावलं होतं.

ठमी म्हणजे घरातलं शेंडेफळ. लहानपणी गोलगरगरीत होती म्हणून ठमी, आता काठीसारखी झाली तरी ठमीच. मोठ्या करप्याच्या वर्षी ती शहरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आबाची कंबर त्याच वर्षी धरली, तो आडवा झाला, आणि त्यानं निरोप धाडला, ये म्हणून. ती आली. बटाटा काढला, आणि मग परत जायचं राहून गेलं. त्याच हंगामात फवारणी कंपनीचं विमान त्यांच्या बांधापलीकडच्या माळावर उतरायला लागलं. औषध कालवायला, टाकी भरायला त्यांना माणूस हवं होतं. ठमी जायला लागली. पुढं ती पंख पुसायला लागली, मग इंजिनात डोकं घालायला लागली, आणि मग एक दिवस कंपनीनंच तिला वैमानिकाच्या शाळेत धाडलं, शिकून आमच्याकडेच काही वर्षं उडवायचं या बोलीवर. ती वर्षं आता पुरी होत आली होती. आणि कंपनीही आवरतं घेत होती. ड्रोन आले होते, माणूस बसलेलं विमान कुणाला नको होतं. हा हंगाम संपला की माळावरचं विमान विकलं जाणार होतं.

आपल्या शेतावरून गेली की ठमी विमानाचा एक पंख जरा खाली करायची, आणि आबा डोक्याचं फडकं काढून हलवायचा. हा त्यांचा दोघांचा ठरलेला कारभार. ठमीची आई मात्र अशा वेळी घरात जाऊन बसायची. विजेच्या तारांखालून लेकीचं विमान जाताना तिला बघवत नसे.

"मी कळवून टाकते, येत नाही म्हणून," ठमी म्हणाली.

"कळवून तर बघ!" आईनं हातातलं भांडं असं आपटलं की कोपऱ्यातलं मांजर उठून बाहेर गेलं. "त्या तारांच्या खाली जातेस तेव्हा माझ्या पोटात काय होतं ते मला विचार. आता वर, चांगल्या मोठ्या विमानात बसायची वेळ आली तर म्हणे कळवते. बटाटे काय, मी दातांनी उकरीन."

"आई, तुझे दात राहिलेत किती?"

"आहेत तेवढे पुरतील."

ठमीचा मोठा भाऊ इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. त्याला घरी दादा आणि वस्तीत पदवीधर म्हणत. वस्तीत पदवी मिळवलेला तो एकटाच. ती पदवी काच लावून, चौकट करून, घड्याळाच्या खाली भिंतीवर टांगलेली होती. पदवीधर रोज तिच्याखालून डबा घेऊन जायचा आणि शीतगृहाच्या काट्यावर बसून बटाट्याच्या गाड्या तोलायचा.

"मी वाईट वाटायला म्हणून सांगत नाही," तो म्हणाला, "पण तिकडं पदवी लागते. शीतगृहाच्या मालकाचा भाचा सांगत होता. पदवी नसली की दारातूनच परत."

"अर्जात तर विचारली नव्हती," ठमी म्हणाली.

"अर्जात नाही विचारत. समोर बसवून विचारतात. उगाच एवढ्या लांब जाऊन तोंडावर पडण्यापेक्षा..."

"विचारली तर नाही म्हणून सांगेन. खाणार थोडेच आहेत मला?"

"खाणार नाहीत. पण घेणारही नाहीत."

"अरे, गप की जरा!" आई ओरडली. "शुभ बोल."

आबानं ताट बाजूला सारलं. पदवी नाही, कारण कॉलेज सुटलं. कॉलेज सुटलं, कारण निरोप गेला. निरोप कुणी धाडला? हा हिशेब तो गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात मांडत होता आणि दर वेळी उत्तर तेच यायचं. हात धुताना त्यानं भिंतीकडे बघितलं. घड्याळाखाली काच चमकत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून चौघंही पाल्यात होती. पदवीधरानंही काट्यावरून सुटी काढली होती. विळा चालवायचा, मूठ बाजूला टाकायची, पुढं सरकायचं. सडलेल्या पाल्याचा वास नाकात बसला. आभाळ दुपारपर्यंत अंगावर आल्यासारखं झालं, चार थेंब टाकले आणि थांबलं. आबा गुडघ्यावर बसून कापत होता, कारण वाकणं जमत नव्हतं. ठमी त्याच्या शेजारच्या सरीत. स्वतःची सरी संपली की ती न बोलता त्याच्या सरीच्या दुसऱ्या टोकाकडून यायला लागायची, आणि दोघं मध्ये भेटायची. आबाला ते कळत होतं. त्याचा त्याला आधारही वाटायचा आणि लाजही वाटायची.

"उद्या जा तू," तो म्हणाला. "सावडीला माणसं बक्कळ आहेत."

"तुमची कंबर?"

"कंबर माझी आहे. मी बघतो तिचं."

संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली. रात्री मैत्रिणीकडं राहून सकाळी कंपनीत जाणार होती. इस्त्रीचे कपडे घातले, केस आवळून बांधले, पण बोटांवरचा पाल्याचा हिरवा डाग काही निघेना. लिंबानं घासला, रॉकेलनं घासला. शेवटी म्हणाली, "राहू दे. हात दाखवायला थोडीच चाललेय."

गाडी येईपर्यंत आबा तिच्या शेजारी उभा होता. सांगायचं बरंच होतं. पण गाडी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खिडकीत बसू नको, वारं लागेल." विमान चालवणाऱ्या पोरीला!

सकाळी सावड जमायला लागली. कुदळी, पाट्या, चाळण, ट्रॅक्टरचा फटफटाट. आणि मालकच शेतात नाही. तो घरात होता. खाटेवर चढून, घड्याळाखालची चौकट खिळ्यावरून काढत होता. भिंतीवर एक उजळ चौकोन उरला. आबानं चौकट जुन्या चादरीत गुंडाळली, बटाट्याच्या रिकाम्या गोणीत घातली, गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

"कुठं?" मागच्या दारातच बायको उभी. या बाईला सगळं कसं कळतं कोण जाणे.

"गोण्या कमी पडतील. घेऊन येतो."

"आज? सावड दारात आणि मालक बाजारात? लोक तोंडात शेण घालतील!"

"लगेच येतो."

"आणि ती भरलेली कसली?"

"नमुना," आबा म्हणाला आणि जवळजवळ पळतच सुटला. इतक्या वर्षांत त्याची कंबर अशी चालली नव्हती.

शेजाऱ्याच्या टेम्पोत बटाट्यावर बसून तो मोठ्या रस्त्यापर्यंत गेला, तिथून बसनं शहरात, शहरातून दुसऱ्या बसनं विमानतळाकडं. बसमध्ये गोणी मांडीवर उभी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "बटाटे टपावर टाका." आबा म्हणाला, "काच आहे." कंडक्टरनं गोणीकडं बघितलं, आबाकडं बघितलं आणि नाद सोडला.

कंपनीची कचेरी म्हणजे नुसती काच. दारातल्या पहारेकऱ्यानं त्याला थांबवलं. गोणी सोडायला लावली. सुतळीची गाठ आबानंच मारलेली, पण आता घाईत ती सुटेना. पहारेकऱ्यानंच ती सोडली, चादर बाहेर काढून ठेवली आणि गोणी उलटी करून झटकली, तशी त्या आरशासारख्या फरशीवर मूठभर माती सांडली. मागं उभी असलेली चाकांच्या बॅगांची माणसं बाजूला सरकली. आबा तिथंच गुडघ्यावर बसला आणि डोक्याच्या फडक्यानं माती गोळा करायला लागला.

"राहू द्या, राहू द्या काका, झाडणारा येतो," पहारेकरी ओशाळून म्हणाला. चादरीतून निघालेली चौकट त्यानं बघितली. "हे काय?"

"पदवी."

"तुमची?"

"घरची."

आत टेबलामागं एक मुलगी बसली होती. तिनं अदबीनं विचारलं, कुणाला भेटायचंय? आबा म्हणाला, ठमीला आज बोलावलंय. मुलीनं यादी बघितली. ठमी नावाचं कुणी नव्हतं. कागदावरचं तिचं नाव, त्यानं स्वतः ठेवलेलं, त्याला काही केल्या आठवेना. शेवटी तो म्हणाला, "फवारणीचं विमान चालवते ती. बटाट्यावर."

"अच्छा, त्या!" मुलगी हसली. "त्या आत आहेत. परीक्षा चाललीय."

"पदवी मागितली का हो तिला? कारण ती आणली आहे. उशीर झाला असला तर तेवढं आत सांगा."

मुलीला काही उमगेना. तिनं फोन उचलला, कुणाशी तरी हळू आवाजात बोलली, आणि आबाला एका खोलीत नेऊन बसवलं. खुर्ची पांढरी होती. आपल्या कपड्यांकडं बघून आबा तिच्या अगदी काठावर टेकला, अर्धा अधांतरी, चौकट पोटाशी धरून.

थोड्या वेळानं एक बाई आल्या. पिकलेले आखूड केस, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. वैमानिक निवडायचं काम त्यांच्याकडंच होतं. सगळे त्यांना कॅप्टनबाई म्हणत होते. आबा उठायला गेला, कंबरेत कळ आली आणि तो मध्येच अडकला.

"बसा काका, बसा. नीट मागं टेकून बसा. खुर्ची पुसता येते." त्या समोर बसल्या. "काय आणलंय?"

आबानं चौकट टेबलावर ठेवली. काच बाहीनं पुसली. कॅप्टनबाईंनी वाचली. "वाणिज्य शाखा. पण हे तर मुलाचं नाव आहे."

"थोरला आहे माझा. हिचा भाऊ."

"मग?"

"मग म्हणजे..." वाटेत बसमध्ये सगळं पाठ केलं होतं, आता एक शब्द धड येईना. "घरात एक आहे. पोरगी हुशार आहे हो, ती पण मिळवणारच होती. पण करपा आला आणि मी तिला बोलावून घेतलं. चूक असली तर माझी आहे. तिला नका धरू. म्हणून म्हटलं, घरात एक आहे तर ती हिला चालवून घ्या. त्याला काही रोज लागत नाही. मोकळीच असते. लागेल तितके दिवस ठेवा."

कॅप्टनबाई हसल्या नाहीत. त्यांनी चौकटीवर हात ठेवला. आबाला वाटलं, आता उठून हाकलणार, आणि पोरीलाही बापापायी घालवणार.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं, पदवी लागते म्हणून?"

"आमच्या पदवीधरानं."

"तो अगदीच खोटं बोलत नाही. पूर्वी आम्हीही विचारायचो. काही कंपन्या अजून विचारतात, काही म्हणतात असली तर बरी. आम्ही आता विचारत नाही. बारावी झालेली हवी, परवाना हवा, उड्डाणाचा अनुभव हवा, डॉक्टरनं तब्येतीचा दाखला दिलेला हवा. मग आम्ही त्या तिकडच्या खोलीत नकली विमानात बसवतो आणि बघतो. इंजिन बंद पाडतो, धुकं आणतो, मध्येच भलतंच काहीतरी विचारतो. त्यात कळतं."

"म्हणजे पदवी..."

"लागत नाही."

"मुळीच?"

"मुळीच नाही. मला आहे, इतिहासाची. वाचताना फार आनंद झाला. विमान उतरवताना आजवर तिची आठवण आली नाही."

आबाचा जीव असा भांड्यात पडला की त्याला एकदम हसूच आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. त्यानं फडकं डोळ्यांना लावलं, आणि त्यातली मघाची माती गालाला लागली.

"निकाल मी तुम्हाला सांगणार नाही हं," कॅप्टनबाई उठत म्हणाल्या. "तो तिचा आहे, तिलाच सांगेन. पण ती घेतली गेली नाही तर ते पदवीपायी नसेल, आणि तुमच्यापायी तर नाहीच नाही. एवढं घेऊन जा." चौकट त्यांनी स्वतः चादरीत गुंडाळली. सुतळीची गाठ मात्र त्यांना मारता आली नाही. ती आबानं मारली.

तो बाहेर येऊन बाकावर बसला. आता मागं टेकून. काचेबाहेर एक विमान हळूहळू वळत होतं. ते त्यानं शांतपणे बघितलं.

ठमी बाहेर आली ती घामेजलेली, बाह्या वर सारलेल्या. बापाला बघून ती जागच्या जागी थांबली आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सगळे आहेत."

"मग तुम्ही इथं कसे?"

"गोण्या आणायला आलो होतो."

"विमानतळावर?"

आबानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तिनं गोणी ओढली होती. चादरीचा कोपरा सरकवला. आत भावाचं नाव. आधी तिला समजेना. मग समजलं. ती बापाशेजारी बाकावर बसली, गोणीवर डोकं ठेवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की हसते, आबाला कळेना. दोन्ही होतं.

"तुम्ही दादाची पदवी... मला... उसनी?"

"लागत नाही म्हणाल्या," आबा घाईघाईनं म्हणाला. "मी विचारून घेतलं. मुळीच लागत नाही."

"आबा, मला माहीत होतं!"

"मग घरी का नाही बोललीस?"

"बोलले की, अर्जात विचारली नव्हती म्हणून. दादापुढं कुणी ऐकलं?" तिनं नाक पुसलं. "घेतलं मला. पुढच्या महिन्यापासून शिकायला जायचं. डॉक्टरची तपासणी तेवढी राहिलीय."

आबानं ते पुन्हा म्हणून घेतलं. मग आणखी एकदा.

"मला विचारलं कॅप्टनबाईंनी, कॉलेज का सोडलं," ठमी म्हणाली. "म्हटलं, बटाट्याला करपा आला. म्हणाल्या, मग? म्हटलं, मग बटाटे काढले. त्यांनी पुढं काही विचारलंच नाही."

बसमध्ये आबा खिडकीजवळ बसला. बऱ्याच वेळानं, बाहेर बघतच, तो म्हणाला, "मला वाटायचं तुझं मी बुडवलं. बोलावलं नसतं तर तू कुठल्या कुठं असतीस."

"कॉलेजात असते, मागच्या बाकावर झोपलेली." ती त्याच्याकडं वळली. "आबा, तुम्ही खरंच हे डोक्यात घेऊन बसला होता? इतकी वर्षं? अहो, विमान कॉलेजच्या मैदानावर नव्हतं उतरत. आपल्या बांधावर उतरत होतं. तुम्ही बोलावलंत म्हणून मी तिथं होते."

आबाच्या मनातल्या हिशेबाला हे उत्तर कधी आलंच नव्हतं. त्यानं मांडीवरची गोणी ठमीकडं दिली. मग म्हणाला, "जरा सरक, नीट बसू दे," आणि पाय पसरून बसला.

ऊन कलताना दोघं शेतात पोचली. आभाळानं हुलकावणीच दिली होती. ढग डोंगराकडं सरकून मोकळे झाले होते. अर्ध्याहून जास्त रान उलटून झालं होतं आणि सावडीची माणसं पाणी पीत बसली होती. आबाची बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आले मालक! आणि गोण्या?"

आबानं हातातली एकुलती एक गोणी पुढं केली. सावड खो खो हसायला लागली.

"आई, मला घेतलं," ठमी म्हणाली.

आईनं आधी ऐकलंच नाही. ती गोण्यांवरून नवऱ्याला बोलतच होती. मग वाक्याच्या मध्येच थांबली. मटकन ढेकळात बसली आणि म्हणाली, "आता त्या तारांखाली नाही ना जायचं?"

"नाही."

"तारांच्या वर?"

"ढगांच्या वर."

"मग जा कुठं जायचं तिथं," ती म्हणाली आणि पदराला डोळे पुसत उठली. "बसला काय सगळे? अंधार पडेल!"

पदवीधर तेवढ्यात ट्रॉलीवरून उतरून आला. त्याचं तोंड वाकडं झालेलं होतं. "आबा, भिंतीवरची माझी पदवी कुठाय? दुपारपासून शोधतोय. राग होता तर तोंडावर बोलायचं. ती काढून फेकायची काय गरज होती?"

"फेकीन कशी? हिच्यासाठी नेली होती. मोकळी होती म्हणून." आबानं गोणी त्याच्या हातात दिली. काच एका कोपऱ्यात तडकली होती, बसच्या हिसक्यांनी. "काच बसवून देतो नवी."

सगळी हकीकत ठमीनं सांगितली. पहारेकऱ्याची माती, पांढरी खुर्ची, "लागेल तितके दिवस ठेवा," सगळं नकलेसकट. ते सगळं तिनं बसमध्ये बापाकडून काढून घेतलं होतं. सावड पोट धरून हसली. पदवीधर हसला नाही. तडकलेल्या काचेवरून बोट फिरवत म्हणाला, "एवढ्या वर्षांत ही पहिल्यांदा घराबाहेर पडली. कामाला निघाली होती बिचारी." मग तोही हसला, आणि बहिणीच्या डोक्यात एक टपली मारून म्हणाला, "माझं चुकलं, ठमे. पण नशीब माझं, चुकलं."

ठमी कपडे बदलून आली आणि कुदळ घेऊन सरीत उतरली. आबा शेजारच्या सरीत गुडघ्यावर बसून बटाटे पाटीत वेचत होता. माती कोरडी निघत होती, बटाटा ठणठणीत होता. एखादाच डागी निघायचा, तो बाजूला टाकायचा. रोग खाली उतरला नव्हता. हातात धरून आबा एकेक बटाटा उगाच अंगठ्यानं पुसत होता.

वरून आवाज आला. उंचावरून, खूप उंचावरून, एक मोठं विमान उन्हात चकाकत निघालं होतं. आबानं पाटी खाली ठेवली. मांडीवर हात टेकून, टप्प्याटप्प्यानं, तो पुरता उभा राहिला. डोक्याचं फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी हलवायला लागला.

सावडीतल्या बायका बघायला लागल्या. ठमीनं कुदळीवर हात टेकले.

"आबा, मी इथं आहे."

"माहीत आहे मला," फडकं हलवणं न थांबवता आबा म्हणाला. "सवय करतोय."